वहीत माझा रोज कुठे आहे?

आमच्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर दोन गोष्टी कायम असतात. एक वंदनेचे पुस्तक आणि दुसरी भाजीच्या हिशेबाची वही. पहिले रोज सायंकाळी हातात घेतले जाते. दुसरी वही पट्टी आली की उघडते. या वहीने आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी भांडण लावले. त्या भांडणाचीच ही हकिकत आहे. ज्यांच्या नावावर गावाकडे थोडी जमीन आहे, अशा आपल्या बांधवांनी आणि विशेषतः भगिनींनी ती ऐकावी, म्हणून लिहीत आहे.

आम्ही नाशिक जिल्ह्यातले. आमची जमीन म्हणजे हाडोळा. ओढ्याच्या काठचा, मुरमाड, गावाच्या खालच्या अंगाला असलेला तुकडा. एकूण २ एकर. सासऱ्यांची चार भावंडे, म्हणून आमच्या वाट्याला २० गुंठे. आमचे हे सातपूरला कंपनीत कामाला होते. कंपनी बंद पडली आणि आम्ही गावी आलो. बाजूला बड्या बागायतदारांच्या द्राक्षबागा आहेत. आमच्या २० गुंठ्यांत बाग काय लावणार? मग भाजीपाला धरला. कोथिंबीर, मेथी, शेपू, थोडी मिरची, थोडी वांगी. चार कुटुंबांत एक विहीर, चार दिवसांनी एकदा पाण्याची पाळी.

भाजी दिसायला सोपी असते. मेथी महिन्यात येते, कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत. ऊस किंवा बाग यांच्यासारखी वर्ष-वर्ष वाट पाहावी लागत नाही. हाताशी पैसा खेळता राहतो असे सगळे सांगतात. पण भाजीला एक दिवसाचीही माफी नसते. धणे रगडून फोडायचे, वाफे ओढायचे, पाणी मोडायचे, निंदायचे. वीज रात्रीची असली की रात्री बॅटरी घेऊन जायचे. आमच्या भागात बिबट्याची भीती, म्हणून एकटे जायचे नाही, दोघांनी जायचे. म्हणजे एका माणसाच्या कामाला दोघांची झोप जाते. मग काढणी. भल्या सकाळी उपटायची, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या, वर ओले गोणपाट टाकायचे आणि सायंकाळच्या लिलावाला टेम्पोत घालायच्या. एक दिवस उशीर झाला तर पान पिवळे पडते. कांदा चाळीत राहतो, कोथिंबीर कुठे ठेवणार?

बाजारात पालेभाजी शेकड्यावर विकली जाते. शंभर जुड्यांना भाव फुटतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. ते चांगलेच झाले. पण आम्ही जिथे माल नेतो तिथे शंभर म्हणून मोजताना पाच-सहा जुड्या वर द्याव्याच लागतात. का, असे विचारले तर उत्तर मिळते, "पद्धत आहे." पद्धत आहे हे उत्तर आपल्या लोकांना नवे नाही.

तर ती वही. मी सातवी शिकलेली. प्रत्येक खर्च मी लिहिते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात १० गुंठ्यांत कोथिंबीर टाकली होती. तिचा हिशेब जसाच्या तसा देते. बियाणे १,४०० रुपये. नांगरट आणि रोटाव्हेटर ८००. खत-औषध १,९००. विजेचा आमचा वाटा ५००. काढणीला बाहेरच्या तीन बाया, ४०० रुपयांप्रमाणे १,२००. टेम्पो १,५००. हमाली आणि किरकोळ ३००. एकूण ७,६०० रुपये. माल निघाला २,००० जुड्या. भाव लागला शेकडा ६०० रुपये. पट्टी आली १२,००० रुपयांची. १२,००० वजा ७,६००, नफा ४,४००. मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खुशीने सगळ्यांना वाचून दाखवले.

सून जवळच बसली होती. बारावी झालेली मुलगी, बोलायला कमी. तिने वही हातात घेतली, वरून खाली बोट फिरवले आणि म्हणाली, "आई, यात बाहेरच्या तीन बायांचा रोज लिहिलाय. माझा रोज कुठे आहे?"

मी म्हणाले, "घरच्या कामाचा कसला आलाय रोज?"

ती म्हणाली, "मी १० दिवस या कोथिंबिरीत होते. तेच १० दिवस द्राक्षाच्या कामाला गेले असते तर ४,००० रुपये आणले असते. मग ४,४०० मध्ये नफा किती?"

मला राग आला. खरे सांगते, फार राग आला. वाटले, ही पोर आपल्याच घराला मजुरी मागते. उद्या भाकरी थापायचेही पैसे मागेल. मी नको ते बोलले. मुलगा घराबाहेर निघून गेला. तिने वही बंद करून फळीवर ठेवली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

हे मात्र गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "कंपनीत ओव्हरटाइमचे पैसे बुडवले, तर आम्ही गेटवर बसायचो. तिने काय वेगळे केले?"

मला रात्रभर झोप नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होते. घरच्या कामाचा कसला रोज? हे वाक्य मी कुठे तरी ऐकले होते. पहाटे आठवले. सासूबाई सांगायच्या. आमच्या आजेसासऱ्यांना वेसकरकी होती. अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यामागे पळायचे, सांगावे पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे, रात्री-अपरात्री हाक आली की ओ द्यायची. घरात कुणी आजारी असो की मयत असो. कुणी पैसा मागितला तर गाव म्हणायचे, "गावकीच्या कामाचा कसला रोज? हाडोळा दिलाय ना?" त्या ओढ्याकाठच्या मुरमाच्या बदल्यात चोवीस तासांची चाकरी.

बाबासाहेबांनी हे वतन म्हणजे वेठ आहे हे ओळखले होते. म्हणूनच १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले. पुढे सरकारने वतनी जमिनीवरचा कर वाढवला तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये आमच्या जिल्ह्यात सिन्नरला परिषद भरली आणि बाबासाहेबांनी त्या करवाढीला विरोध केला. त्या कराला जुडी म्हणत. आज माझ्या तोंडी जुडी म्हणजे कोथिंबिरीची. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन संपले. हाडोळा आपला झाला, गावकीची चाकरी गेली. आणि मी काय केले? त्याच हाडोळ्यात माझ्याच सुनेला बिनरोजाचे राबवून, तिचे ४,००० रुपये नफा म्हणून वाचून दाखवले.

सकाळी मी वही उघडली. काल ओढलेल्या दोन रेघांखाली लिहायला घेतले. सून १० दिवस. मी १४ दिवस. बाईचा रोज ४०० धरला तर २४ दिवसांचे ९,६०० रुपये. हे ८ दिवस, पुरुषाचा रोज ५०० प्रमाणे ४,०००. दोन्ही मिळून १३,६००. नफा ४,४००. म्हणजे तोटा ९,२०० रुपये. दुसऱ्या रीतीने मांडले. तिघांचे मिळून ३२ रोज आणि हातात ४,४००. एका रोजाला पडले १३७ रुपये ५० पैसे. शेजारच्या बागेत बाहेरच्या बाईला मिळतात त्याच्या निम्मेही नाहीत.

मग मी मागची पाने काढली. एका हंगामात भाव शेकडा १५० ला आला होता. २,००० जुड्यांचे ३,००० रुपये होणार आणि काढणी, टेम्पो, हमाली मिळून खर्चही ३,०००. तेव्हा उभ्या कोथिंबिरीत रोटाव्हेटर फिरवला होता. वहीत मी फक्त "बियाणे-खत गेले" एवढेच लिहिले होते. आमचे दिवस गेले हे लिहिले नव्हते. एका उन्हाळ्यात भाव शेकडा ३,००० झाला होता. त्याची गोष्ट आम्ही पाहुण्यारावळ्यांत किती वेळा सांगितली! पण तेव्हा विहिरीला पाणी नव्हते. दोन वाफे कसेबसे जगले, ६०० जुड्या निघाल्या. आमच्याकडे माल नव्हता, तसा इतरांकडेही नव्हता, म्हणून तर भाव होता. ज्याच्याकडे शेततळे आणि ठिबक त्यालाच उन्हाळ्याचा भाव मिळतो. आम्हाला तो आठ दिवस दिसतो आणि त्या आठवणीवर आम्ही पुढची पाच पिके तोट्यात टाकतो.

त्या वर्षी वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालू होते. एके दिवशी भंतेजींनी सिगालोवाद सुत्त समजावून सांगितले. गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा भाग अडचणीसाठी राखून ठेवावा. आणि मालकाने काम करणाऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे. मी मनात म्हटले, चार भाग करायला मिळकत आधी खरी मोजली पाहिजे. आणि वेतन नोकराला द्यायचे, तर मग सुनेला का नाही?

विहारात एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांना मी वही दाखवली. ते म्हणाले, "ताई, बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. त्यात त्यांनी सांगितले आहे की शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही. त्याच्यावर लावायला भांडवल किती, अवजारे किती, माणसे किती, या मेळावरून ठरते. भांडवलच नसेल तर हातातली थोडी जमीनही जड होते. आणि शेतीवर फुकट अडकलेल्या जादा हातांना दुसरा उद्योग मिळाला पाहिजे."

मला निबंधातले सगळे कळले असे नाही. पण एवढे कळले की आम्ही २० गुंठे कमी आहेत म्हणून रडत होतो. वास्तविक आमच्या पाण्याला आणि आमच्या पैशाला २० गुंठेही जास्त होत होते. जे कमी पडत होते ते आम्ही आमच्या अंगाने भरून काढत होतो, आणि अंगाला वहीत किंमत नव्हती.

त्यानंतर आम्ही घरात बसून ठरवले. पहिली गोष्ट, वहीत प्रत्येकाचा रोज लिहायचा. माझाही, यांचाही, सुटीच्या दिवशी मुलगा आला तर त्याचाही. पट्टी आली की आधी सुनेचा रोज तिच्या बँकेच्या खात्यात. पैसे कमी पडले तर वहीत तिचे येणे म्हणून लिहायचे. दुसरी गोष्ट, दिवाळीनंतर द्राक्षाचे काम निघते तेव्हा तिने बाहेर कामाला जायचे. त्या महिन्यांत आम्ही भाजी कमीच लावायची. तिसरी गोष्ट, एकदम १० गुंठे एका पिकाला द्यायचे नाहीत. फक्त ८ गुंठे भाजी, तीही आठ-आठ दिवसांच्या अंतराने छोट्या वाफ्यांत. उरलेल्या जमिनीत पावसावरची बाजरी आणि कडधान्य, घरच्यापुरते.

थोडा थोडा माल रोज निघू लागल्यावर लिलावाला न्यायची गरज राहिली नाही. पण मग विकायचा कुठे? मी म्हटले, गावच्या आठवडी बाजारात मी बसते. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, "आपल्या हातची भाजी कोण घेईल गं?" त्यांनी पाहिलेला काळ तसा होता. मी बसले. पहिल्या दिवशी निम्मा माल परत आणला. ओळखीच्या दोन-तीन बायकांनी भाव विचारला आणि पुढे जाऊन दुसरीकडे घेतली. मी ओळखले, पण उठले नाही. पुढच्या बाजारी पुन्हा त्याच जागी बसले. आता माझी जागा ठरलेली आहे. ताजी जुडी दिसली की लोक हात घालतात. अजूनही एखादी बाई लांबून जाते. तिच्यासाठी मी माझा बाजार सोडत नाही. रविवारी मुलगा मोटारसायकलवर दोन क्रेट घालून शहरातल्या आपल्या कामगार वस्तीत नेतो. विहाराबाहेर तासाभरात संपतात. मात्र बाजारात बसण्याचा दिवस आणि मुलाचे पेट्रोल हेही वहीत लिहितो. नाहीतर पुन्हा तीच चूक.

सगळ्यात अवघड काम राहिले ते विहिरीचे. २०१७ मध्ये राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना सुरू झाली. त्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी अडीच लाखांपर्यंत अनुदान होते. पण त्यासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमिनीची अट होती. आमचे २० गुंठे त्या अटीत बसेनात. त्यात आमच्या सातबाऱ्यावर ११ नावे. त्यांतली तीन माणसे वारली, त्यांच्या वारसांची नोंद नाही. हाडोळ्याची जमीन नवीन शर्तीची. एका बँकेत कर्ज मागायला गेलो तर उताऱ्यावरचा शेरा पाहून आमचे कागद न वाचताच परत मिळाले.

चुलत दीर मुंबईला असतात. वारसनोंदीसाठी सह्या मागायला गेलो तर त्यांना वाटले, आम्ही जमीन गिळणार. त्यांचेही चूक नाही. १० वर्षे गावी आले नाहीत, वर्षाकाठी एक पायली बाजरीही आम्ही कधी पोचवली नाही. शेवटी मी ती वही घेऊन पुन्हा मुंबईला गेले. त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "भाऊजी, या जमिनीत किती सोने आहे ते बघा." त्यांनी सगळी पाने वाचली. १३७ रुपये ५० पैशांचे पानही वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, मला वाटले होते तुम्ही खाताय. तुम्ही तर भरताय." त्यांनी सही दिली. चारही घरांनी थोडे थोडे पैसे घालून विहिरीतला गाळ काढला आणि ती आणखी खोल केली. कुणाची पाळी किती आणि खर्चाचा वाटा किती, हे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. तोंडी काही ठेवले नाही.

आता आमचे सोने झाले काय? नाही. गेल्या वर्षाचा हिशेब सांगते. सगळा खर्च जाऊन आम्हाला रोजाला २६० रुपये पडले. बाहेर ४०० मिळतात. म्हणजे अजूनही रोजामागे १४० रुपयांची घट आहे. पण आता ती घट झाकलेली नाही. कुणाच्या अंगातून जाते ते वहीत दिसते, आणि दिसते म्हणून ती कशी कमी करायची यावर घरात बोलणे होते. सुनेचे बाहेरच्या मजुरीचे आणि घरच्या रोजाचे पैसे तिच्या खात्यात जातात. त्यातून तिने शिलाई मशीन घेतले. मला एका गोष्टीचे समाधान आहे. ती आता माझ्याकडे पैसे मागत नाही. मागायची वेळच येत नाही.

कधी कधी मुलगा म्हणतो, "आई, हे सगळे सोडून शहरात जाऊ." मी त्याला नाही म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेड्यात कुजत राहायला सांगितले नव्हते. मी एवढेच म्हणते की जायचे तर हिशेब करून जायचे आणि राहायचे तर हिशेब करून राहायचे. लाजेने जायचे नाही आणि मोहाने राहायचे नाही.

शहरात राहणाऱ्या बांधवांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे नाव गावच्या हाडोळ्याच्या उताऱ्यावर आहे, किंवा वडिलांचे अजून तसेच आहे. पुढच्या वेळी जयंतीला गावी याल तेव्हा एक दिवस जास्त राहा. वारसनोंद करून घ्या. जमिनीत जो भाऊ किंवा जी भावजय राबते आहे तिच्याशी बसून बोला. तुमच्या एका सहीवाचून तिचे पाणी अडलेले असू शकते. आणि माझ्यासारख्या भगिनींना सांगणे आहे. उद्या बाजारातून एक वही आणा. पहिल्या पानावर बियाण्याचा खर्च लिहिण्याआधी, त्या दिवशी शेतात कोण कोण राबले त्यांची नावे लिहा. त्यात स्वतःचे नाव विसरू नका. सुनेचे तर अजिबात विसरू नका.

जयभीम.